छोटी, चपळ आणि रोजची मोटार

सुरतेत नवी मोटार दारात उभी राहिली की शेजारी तिची किंमत विचारीत नाहीत. किंमत त्यांना बहुधा आधीच ठाऊक असते. ते विचारतात, "एवरेज केटली आपे छे?" एक लिटर पेट्रोलमध्ये गाडी किती किलोमीटर धावते या हिशेबाला आपल्याकडे ‘ॲव्हरेज’ हे नाव कसे पडले कोण जाणे; परंतु गेली चाळीस वर्षे भारतात मोटारीची पारख प्रामुख्याने या एका आकड्यावर होत आली आहे. २००५ साली मी पेट्रोलवर चालणारी स्विफ्ट घेतली, तेव्हा मलाही तोच प्रश्न विचारला गेला. मी खरे ते सांगितले, शहरात बारा. विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर सहानुभूती उमटली.

ती सहानुभूती मला पुढे बराच काळ आठवत राहिली. आकाराने लहान, वजनाने हलकी, पण इंजिनाने जोरकस अशी मोटार युरोपात आणि जपानात मध्यमवर्गाच्या घरात रुळली. आपल्याकडे ती वारंवार आली आणि वारंवार परत गेली. याचे प्रचलित उत्तर असे की आपण काटकसरी माणसे, आपल्याला वेगाची हौस परवडत नाही. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. माझी सारी हयात सरकारी नोकरीत गेली असल्याने करांची कोष्टके वाचण्याची खोड मला आहे. या इतिहासाचा अर्धा भाग मला त्या कोष्टकांतच सापडला.

प्रथम मूळ कल्पना कोठून आली ते पाहू. १९५६ साली सुएझ कालव्याच्या पेचप्रसंगामुळे ब्रिटनमध्ये पेट्रोलचे नियंत्रण आले आणि त्या टंचाईतून १९५९ मध्ये ‘मिनी’ ही मोटार जन्मली. अलेक इसिगोनिस या अभियंत्याने इंजिन आडवे बसवून चार माणसांना पुरेल एवढी जागा जेमतेम तीन मीटर लांबीत काढली. हेतू निव्वळ बचतीचा होता. परंतु चाके अगदी चार कोपऱ्यांत आणि वजन अत्यल्प असल्यामुळे ही गाडी वळणावर रस्ता सोडीत नाही, हे शर्यतीच्या मोटारी बांधणाऱ्या जॉन कूपर याच्या लक्षात आले. १९६१ मध्ये मिनी कूपर निघाली आणि १९६४ मध्ये मिनीने मोंटे कार्लोची प्रसिद्ध रॅली जिंकली. भल्याथोरल्या गाड्या मागे पडल्या. काटकसरीच्या पोटी वेग जन्माला आला, तो असा.

मिनीला मागे वर उघडणारा दरवाजा नव्हता. ज्या घडणीला आज आपण हॅचबॅक म्हणतो, म्हणजे डिकी वेगळी नसून मागची काच दरवाजासकट वर उचलली जाते, त्या घडणीतील चपळ गाडीचा आदर्श ठरली ती जर्मनीची गोल्फ जीटीआय. १९७५ च्या सप्टेंबरात फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात ती प्रथम मांडली गेली व पुढच्या वर्षी विक्रीस आली. १,५८८ सी.सी.चे इंजिन, ११० अश्वशक्ती आणि वजन साडेआठशे किलोच्या आत. अशा ५,००० गाड्या खपल्या तरी पुष्कळ, असा कंपनीचा अंदाज होता. पहिल्या पिढीतच साडेचार लाखांहून अधिक गाड्या खपल्या. तेलाचे भाव १९७३ मध्ये भडकल्यानंतर अवघ्या तीन वर्षांत हे घडले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. या गाडीचे मर्म केवळ तिच्या वेगात नव्हते, तर आठवडाभर तीच गाडी कचेरी, बाजार आणि शाळा यांच्या फेऱ्या करू शके यात होते. श्रीमंताची वेगवान मोटार रविवारपुरती असते. ही सातही वारांची होती.

आपल्याकडे त्या काळी मोटार हीच मुळी चैनीची वस्तू गणली जाई. १९५९ साली ल. के. झा यांच्या समितीने स्वस्त लहान मोटारीचा विचार मांडला होता. तो प्रत्यक्षात यायला दोन तपांचा काळ लोटला. मध्यंतरी ॲम्बॅसेडर आणि फियाट हेच पर्याय होते. फियाट आपल्या मराठी माणसाच्या जिव्हाळ्याची, कारण ती मुंबईत कुर्ल्याला तयार होई. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीची ती मोटार. पुढे तिचेच नाव ‘पद्मिनी’ झाले. माझ्या नंदुरबारच्या मामांकडे एक होती. तिचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर असे आणि मामा तो अशा काही ऐटीत टाकीत की आम्हां मुलांना ती विमानाइतकी वेगवान वाटे. १,०८९ सी.सी.च्या त्या इंजिनाची अश्वशक्ती प्रत्यक्षात चाळिशीच्या आसपास होती. तरीही मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर हौशी मंडळी याच फियाट घेऊन शर्यती लावीत. वेगाची हौस परवडत नसे, पण ती नव्हती असे नव्हे.

१४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींनी पहिल्या मारुतीची किल्ली हरपाल सिंग यांच्या हाती दिली, तो प्रसंग सर्वश्रुत आहे. मारुती ८०० हलकी होती, तिचा गिअर सफाईने पडे आणि ॲम्बॅसेडरच्या मानाने ती हरणासारखी पळे. तरी तिची ओळख ॲव्हरेजचीच राहिली. चपळाईची पहिली खरी गोडी भारतीयांना लावली ती १९९३ मध्ये आलेल्या झेनने. ९९३ सी.सी.चे ॲल्युमिनियमचे इंजिन, पन्नास अश्वशक्ती, बुटकी गोलाकार अंगकाठी. कागदावर हे आकडे किरकोळ दिसतात. पण गाडीचा वेग केवळ अश्वशक्तीने ठरत नाही, ती शक्ती किती वजन ओढते यावर ठरतो, हे झेनने पुष्कळांना शिकवले. याच झेनची युरोपातही निर्यात झाली. १९९८ अखेरीस पुण्याहून टाटांची इंडिका आली, पण तिचा मोह निराळा होता: ॲम्बॅसेडरसारखी ऐसपैस जागा आणि डिझेलचा कमी खर्च.

मग २००१ मध्ये फियाटने पॅलिओ आणली. तिची १.२ लिटरची साधी आवृत्ती होती आणि ‘१.६ जीटीएक्स’ नावाची दुसरी. १,५९६ सी.सी., शंभर अश्वशक्ती. वर दिलेले गोल्फ जीटीआयचे आकडे वाचकांनी पुन्हा पाहावेत. पाव शतक उशिरा, आणि वजनाने अधिक भारदस्त होऊन का असेना, ती कल्पना कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडली होती. जाहिरातीला साक्षात सचिन तेंडुलकर होता. त्याच्या नावाची ‘एस १०’ ही मर्यादित आवृत्तीही निघाली. माझ्या एका सहकाऱ्याने ही १.६ घेतली होती. तिचे पोलादी दार लावताना होणारा तो भरीव आवाज आणि तिसऱ्या गिअरमध्ये पाठीला बसणारा रेटा मला अजून आठवतो. शेजाऱ्यांच्या प्रश्नाला मात्र तो उत्तर देत नसे. नऊ-दहा हा आकडा सुरतेत चारचौघांत सांगण्यासारखा नव्हता.

येथे थोडे विषयांतर, पण ते सुरतेचेच आहे. २००२ च्या एप्रिलमध्ये पोर्ट ऑफ स्पेनला तेंडुलकरने ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली. त्याबद्दल फियाटने त्याला फेरारी ३६० मोडेना भेट दिली. किल्ली मायकेल शूमाकरच्या हस्ते दिली गेली. आयातशुल्क माफ करण्यावरून मोठा गदारोळ उठला आणि अखेर ते शुल्क कंपनीनेच भरले. ही फेरारी २०११ मध्ये विकली गेली ती सुरतेच्या एका व्यावसायिकाला. पुढल्याच वर्षी तिच्याभोवती गुंफलेला ‘फेरारी की सवारी’ हा चित्रपट आला. तेंडुलकरने लोकांना पॅलिओ घ्या असे सांगितले, आणि सुरतेने त्याची फेरारी घेतली! आमच्या शहराच्या स्वभावाला हे साजेसेच झाले. येथे एक तर ॲव्हरेज विचारतात, नाही तर काहीच विचारीत नाहीत. मधली जागा रिकामी असते, आणि छोटी चपळ मोटार नेमकी त्या मधल्या जागेतली.

मे २००५ मध्ये आलेली स्विफ्ट त्या जागेत शिरू पाहत होती. १,२९८ सी.सी., सत्त्याऐंशी अश्वशक्ती, वजन सुमारे एक टन, लांबी ३,६९५ मिलिमीटर. मी ती घेतली तेव्हा आम्ही अडाजणला राहत होतो आणि कचेरी नानपुऱ्यातील बहुमाळी इमारतीत होती. मधे तापी आणि सरदार पूल. या पाच-सहा किलोमीटरांत अशा गाडीचा काय उपयोग, असे कोणी विचारले तर त्याचे बरोबर आहे. सकाळी दहा वाजता त्या पुलावर दुचाकींच्या पुरात कोणतीही मोटार बैलगाडीच असते. परंतु चपळाई म्हणजे केवळ शंभरच्या वर जाणे नव्हे. रिंग रोडवर कापडाचे गठ्ठे लादलेला टेम्पो अचानक थांबला की दुसऱ्या गिअरमध्ये चटकन बाजूला होता येणे, आखूड नाकामुळे कोठेही वळता येणे, नेमक्या स्टिअरिंगमुळे चाक कोठे आहे हे बसल्या जागी कळणे, हे रोजचे सुख होते. ते आकड्यांत मोजता येत नाही, म्हणून कोणी विचारीत नाही.

त्याची किंमतही रोजच मोजावी लागे. वळणावर गाडी झुकू नये म्हणून तिच्या स्प्रिंगा कडक असतात. परिणामी सोसायटीच्या दारातला प्रत्येक ‘बम्प’ थेट मणक्यात जातो. माझ्या आईला त्या बुटक्या आसनात उतरणे आणि तेथून उठणे, दोन्ही अवघड जाई. ती दाराची कड धरून एकदा माझ्याकडे आणि एकदा गाडीकडे अशा नजरेने पाही की मला ओशाळल्यासारखे होई. डिकीत दोन बॅगा मावत, तिसरी मांडीवर. पत्नीचे म्हणणे असे की ही एका माणसाची गाडी आहे आणि तो माणूस स्टिअरिंगवर बसलेला असतो. हे म्हणणे मी आजवर खोडून काढू शकलेलो नाही.

तिची खरी परीक्षा खानदेशच्या वाटेवर होई. सुरतेत राहणाऱ्या आम्हां बहुतेक मराठी कुटुंबांची मुळे नंदुरबार, धुळे, जळगाव या पट्ट्यात. बारडोली, व्यारा, सोनगढ, मग नवापूर, जेथे रेल्वे स्थानकाच्या फलाटातूनच दोन राज्यांची सीमा जाते. पुढे विसरवाडी आणि कोंडाईबारीचा घाट. रस्ता तेव्हा दुपदरी होता व हाजिऱ्याहून निघालेल्या अवजड ट्रकांची रांग संपता संपत नसे. अशा रस्त्यावर ट्रकच्या पुढे जाण्यासाठी मोकळी जागा मिळते ती काही क्षणांची. पन्नासवरून ऐंशीवर गाडी किती सेकंदांत जाते, हा तेथे हौसेचा प्रश्न उरत नाही. मारुती ८०० मध्ये चार माणसे बसवून त्या घाटात ट्रकच्या बरोबरीने अडकून पडलेला आणि समोरून एस.टी. येताना पाहिलेला माणूस जादा अश्वशक्तीला चैन म्हणणार नाही. मी तसा एकदा अडकलो होतो, मुले मागे होती. स्विफ्ट घेण्यामागचे खरे कारण ते होते. शेजाऱ्यांना ते सांगण्याचा कधी प्रसंग आला नाही.

२००६ च्या ऑगस्टमधला तापीचा महापूर सुरतेच्या स्मरणातून जाणार नाही. शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. पाणी चढू लागले तशा अनेकांनी गाड्या उड्डाणपुलांच्या चढावर नेऊन लावल्या; मीही लावली. गाडी वाचली, घरातली पुस्तके गेली.

त्याच वर्षी, पुराच्या सहा महिने आधी, दिल्लीत एक गोष्ट घडली होती. २८ फेब्रुवारी २००६ च्या अर्थसंकल्पात चिदंबरम यांनी लहान मोटारींवरील उत्पादनशुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले. लहान मोटार कोणती? लांबी ४,००० मिलिमीटरपर्यंत, आणि इंजिन पेट्रोलचे असल्यास १,२०० सी.सी. पर्यंत, डिझेलचे असल्यास १,५०० पर्यंत. दोन वर्षांनी हे शुल्क १२ टक्के झाले. भारत हे लहान मोटारींच्या उत्पादनाचे केंद्र व्हावे, हा हेतू होता आणि तो बऱ्याच अंशी साधला. पण कायद्याने रेघ ओढली की कारखाने त्या रेघेच्या आत येऊन बसतात, हे कोणताही कर-अधिकारी सांगेल.

परिणाम पाहा. पॅलिओच्या साध्या आवृत्तीचे इंजिन १,२४२ सी.सी.चे, म्हणजे बेचाळीस सी.सी.ने सवलत हुकलेली. २००७ मध्ये ती १.१ लिटरचे इंजिन घेऊन पुन्हा आली. ह्युंदाईची गेट्झ १.३ लिटरची होती, तिलाही १.१ चे इंजिन मिळाले. माझ्या स्विफ्टच्या जातीचे १.३ पेट्रोल इंजिन २०१० मध्ये जाऊन १,१९७ सी.सी.चे आले. ते नवे इंजिन उत्तम होते, यात वाद नाही. पण पेट्रोलला बाराशे आणि डिझेलला पंधराशे या तफावतीमुळे जोर हवा असणारा ग्राहक डिझेलकडे वळू लागला. वर डिझेलही तेव्हा पेट्रोलहून बरेच स्वस्त होते. २००७ मध्ये स्विफ्टमध्ये बसवलेले १,२४८ सी.सी.चे डिझेल इंजिन मूळ फियाटचेच. ज्या कंपनीची चपळ पेट्रोल गाडी आपण नाकारली, तिचेच डिझेल इंजिन पुढे दहा-बारा वर्षे देशभर घरोघरी धावत होते. लांबीच्या अटीने तर आणखी गंमत केली. लांब शेपटीच्या डिझायरची शेपूट २०१२ मध्ये ४,१६० वरून ३,९९५ मिलिमीटरवर छाटली गेली. शिंप्याने नव्हे, करकोष्टकाने बेतलेला तो अंगरखा होता.

या रेघेच्या दोन बाजूंना महाराष्ट्रातच तयार झालेल्या दोन गाड्या उभ्या राहिल्या. चाकणच्या कारखान्यातली पोलो २०१० मध्ये विक्रीस आली, तिची १.६ लिटर पेट्रोलची आवृत्ती फार काळ टिकली नाही. २०१३ मध्ये पोलो जीटी आली ती १,१९७ सी.सी.च्या इंजिनाला टर्बो जोडून, १०५ अश्वशक्तीची. ती रेघेच्या आत होती. पोलो २०२२ पर्यंत चालली आणि तिचे चाहते आजही हळहळतात. दुसरी रांजणगावची पुंतो अबार्थ, २०१५ ची. १,३६८ सी.सी., १४५ अश्वशक्ती, किंमत दहा लाखांच्या किंचित आत. भारतात बनलेल्या हॅचबॅकमध्ये तेव्हा एवढी शक्ती कोणाचीच नव्हती. परंतु लांबी नियमात असूनही १६८ सी.सी.मुळे तिला मोठ्या मोटारीचा कर पडे. काही वर्षांत ती गेली, पाठोपाठ फियाटही गेली. ती केवळ करामुळे गेली असे मी म्हणणार नाही; विक्रीची दुकाने कमी होती, आणि शेजाऱ्यांचा प्रश्न होताच. तरी १,१९७ आणि १,३६८ या दोन आकड्यांतले अंतर मला बोलके वाटते.

गुजरातनेही यात हात घातला. साणंदला तयार होणाऱ्या टियागोची ‘जेटीपी’ ही जोरकस आवृत्ती २०१८ मध्ये निघाली आणि दोन वर्षांत थांबली. बलेनो आरएस २०१७ ला आली, २०२० ला गेली. अलीकडे टाटांनी २०२४ मध्ये अल्ट्रोझ रेसर काढली, १२० अश्वशक्तीची, आणि इंजिन अर्थातच बाराशेच्या आत. मूळची गोल्फ जीटीआय मात्र २०२५ मध्ये भारतात आली ती आयात होऊन, पन्नास लाखांहून अधिक किमतीला. जिचे मोठेपण सातही वारांची असण्यात होते ती आपल्याकडे रविवारची होऊन आली.

२०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला; उत्पादनशुल्क गेले, रेघ राहिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून रेघेच्या आतल्या गाड्यांना १८ टक्के आणि बाहेरच्यांना ४० टक्के असा दर झाला, म्हणजे पंधराएक सी.सी.ने चुकणाऱ्यालाही बावीस टक्क्यांचा फरक. १,२०० हा आकडाच का, ११०० वा १३०० का नाही, याचे पटेल असे कारण मला कोठे वाचायला मिळाले नाही. प्रदूषण मोजायचे तर धुरावर कर लावावा, रस्त्यावरची जागा मोजायची तर लांबी आहेच. इंजिनाच्या पोकळीवर कर लावल्याने अभियंता कामाला लागतो तो नियमाच्या कडेशी, रस्त्याशी नव्हे.

माझी स्विफ्ट पंधरा वर्षांची झाली तेव्हा तिची नोंदणी पाच वर्षांनी वाढवून घेतली होती. २०२५ मध्ये ती पुन्हा वाढवली. तपासणीच्या वेळी तरुण निरीक्षकाने ती आवारातच एक फेरी चालवून पाहिली, आणि एकाऐवजी दोन फेऱ्या मारून परत आला. धाकट्या मुलाने गेल्या वर्षी नवी गाडी घेतली आहे. उंच, रुंद खांद्यांची, जीपच्या थाटाची. आजी असती तर तिला बसायला फार सोयीची झाली असती. इंजिन टर्बोचे, बाराशेच्या आत. दोन्ही गाड्या सोसायटीत शेजारी शेजारी उभ्या असतात. एका रविवारी, कोणी पाहत नाही असे बघून, मी टेप लावून त्याची गाडी मोजली: ३,९९५ मिलिमीटर.